हजेरीतली बारा नावं

३ मे १८९४, गुरुवार. हा-थोतोबोलो.

पोचलो एकदाचे! पाच दिवस तट्टावर बसून माझी कंबर गेली, मा-केनेवेची जीभ मात्र चांगली सुटली. शेवटची खिंड उतरताना म्हणते कशी, अहो न्ताते, एकसष्टाव्या वर्षी शहाणी माणसं शेकोटीजवळची जागा शोधतात, तुम्ही ढगातली शोधलीत. मी म्हटलं, अगं, देवाच्या जवळ आलो. ती म्हणाली, हो, आता जायची वेळ आली की फार चालावं लागणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझा शब्द एकदाही शेवटचा ठरू दिलेला नाही.

घर मनासारखं आहे. दोन गोल खोल्या, नवं शाकारलेलं छप्पर. गावातल्या बायकांनी आम्ही यायच्या आधी भिंती सारवून त्यावर बोटांनी नक्षी ओढून ठेवली होती. चर्च म्हणजे लांबट दगडी खोली. नांगराचा जुना फाळ टांगलाय, तीच घंटा. आमच्या आधी इथं योहाने होते, पंचवीस वर्षं. मागच्या हिवाळ्यात म्हातारपणानं गेले. मोरुती दुवालनी, म्हणजे खालच्या मुख्य ठाण्यावरच्या आमच्या फ्रेंच पाद्रीसाहेबांनी, त्यांची जागा मला दिली. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिसाव्या वर्षी लेकीच्या शेजारी बसून अक्षरं शिकलो. अशा माणसाला अख्खं खोरं सोपवलं, याचा आनंद लपवू तरी कसा?

संध्याकाळी शेजारी मेंढीची तंगडी आणि दूध घेऊन आला. नाव छ्वेने, म्हणजे वानर. म्हणाला, या डोंगरात वानरं पुष्कळ, पण माझ्याइतका देखणा एकच. सोबत आलेली आमची नात खो-खो हसली.

५ मे

सरदाराला भेटून आलो. त्याचं, आणि गावाचंही, नाव थोतोबोलो, उकिरडा! त्याचा भाऊ न्चा, कुत्रा. बहिणीचं नाव खड्डा. मी आधी चेष्टाच समजलो.

आमच्याकडे एकामागून एक लेकरं दगावली की पुढच्याला असलं घाणेरडं नाव ठेवतात. मरणानं नाक मुरडून पुढं जावं म्हणून. आमच्याही घरात तेच झालं. आमची लेक केनेवे, तिची तीन बाळं गेली, चौथीला बायकांनी मोसेलान्चा म्हटलं, कुत्र्याची शेपटी. शेपटी जगली, केनेवेच तापात गेली. तेव्हापासून सात वर्षं ही पोरगी आमच्या दोघांच्या मधे झोपते. तिच्याखेरीज आम्हाला या जगात दुसरं काही नाही.

पण इथं तर सगळं गावच उकिरडा आणि वानर. विचारलं तेव्हा सरदारानं आंबिलीचं भांडं माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, न्ताते, घरात बायकोला हवं त्या नावानं हाक मारा, कोण ऐकतंय. उघड्यावर मात्र माणसाला चांगल्या नावानं बोलवायचं नाही. धुकं उतरलं असेल तर मुळीच नाही. कोण ऐकतं, असं विचारलं तर म्हणाला, ते आम्हाला ठाऊक असतं तर त्यालाही एखादं नाव ठेवलं असतं.

लोक फार गोड आहेत. भीती तेवढी काढली पाहिजे, आणि ती मायेनंच निघेल.

१४ मे

योहानेंनी लोकांना सगळं शिकवून ठेवलंय. गाणी पाठ, प्रार्थना पाठ. फक्त बाप्तिस्म्याला उभं राहायला कुणी तयार नाही, कारण नवं नाव घ्यावं लागतं. योहानेंनीही कधी आग्रह धरला नाही. मला ते बरोबर वाटत नाही. म्हातारे दमले असतील.

मी घरोघर बसतो, मक्याच्या पिठाचा घट्ट पापा खातो, त्यांचे टोमणे खातो आणि एकच सांगतो. ज्यानं तुम्हाला घडवलं त्याला तुमचं नाव लपवायचं कशाला? छ्वेने म्हणाला, मी तयार आहे मोरुती, पण नाव दणदणीत पाहिजे, वानराला शोभेल असं.

मी मोरुती म्हणजे पाद्री नाही, नुसता मदतनीस आहे, हे त्याला दहा वेळा सांगितलं. ऐकत नाही. खोटं कशाला लिहू, ऐकायला बरं वाटतं.

१० जून, रविवार

माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. मोरुती दुवाल भर हिवाळ्यात खिंडीतलं बर्फ तुडवत आले. अकरा जणांना बाप्तिस्मा दिला. छ्वेनेचा सामुएले झाला, सरदाराचा भाऊ न्चा आता एसाया. बारावी माझी नात. सगळ्यांसमोर तिचं नाव लिदिया ठेवलं.

मा-केनेवे तिच्या मागं उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, नाव गोड आहे, पण मला माझी शेपटी बरी होती. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या लेकरांना सोडायला लावतो ते स्वतःच्या लेकराला धरून ठेवू? त्यावर ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ जून, रविवार

आज पहिली हजेरी घेतली. मुख्य ठाण्यावर रीत आहे तशीच. चर्चच्या दारात, बाहेर उभं राहून, खड्या आवाजात. म्हणजे चढण चढणाऱ्याला ऐकू जातं आणि तो पाय उचलतो. माझा आवाज मोठा आहे, देवानं दिलेली एवढीच एक संपत्ती. एकेकजण छाती काढून हजर म्हणत होता. गावातली बाकीची माणसं लांब उभी होती. सरदाराची बहीण खड्डाबाई, जिला सगळे मा-मोसा म्हणतात, तिनं लांबूनच टोमणा मारला. म्हणाली, ओरडा, आणखी जोरात ओरडा, पलीकडच्या डोंगराला अजून पाठ झालं नसेल. तिचा मुलगा एलिया चौथ्या नंबरावर आहे. घरात कुणाचं न ऐकता उभा राहिला, म्हणून ती माझ्यावर फुगून आहे.

लिदियाला अजून सवय नाही. मोसेलान्चा म्हटलं की धावत येते. मी गूळसाखरेचे खडे खिशात ठेवतो. नव्या नावाला ओ दिली की खडा, जुन्याला दिली की नाही. लवकर शिकेल, हुशार आहे.

१ जुलै, रविवार

धुकं होतं. हजेरी घेतली, समोरच्या कड्यानं नावं परत म्हटली. मुलं हसली. मीही हसलो.

घरी आल्यावर मा-केनेवेनं सांगितलं की कड्यानं प्रत्येक नाव दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा हळू. जसं कुणी गिरवतंय.

५ जुलै

हे नीट लिहून काढलं पाहिजे.

दुपारी धुकं खाली आलं. मी चुलीजवळ बसून जोडा शिवत होतो, तोंडात वादी धरलेली. बाहेरून माझा आवाज आला. माझाच, खडा, हजेरीचा. सामुएले!

मा-केनेवे माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडात वादी होती.

शेजारच्या घरातून छ्वेनेनं खुशीत हजर म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. दार वाजलं. मी बाहेर धावलो तोवर धुक्यात काही नव्हतं. ओरडत फिरलो. धुकं निवळल्यावर नांगरटीच्या कडेला त्याचं घोंगडं सापडलं. चर्चमध्ये घडी घालून ठेवतात तशी व्यवस्थित घडी. पुढं पाऊल नाही, माग नाही.

त्याच्या बायकोनं विचारलं, तुम्ही त्याला कशाला बोलावलंत?

९ जुलै

पुन्हा धुकं. दुसरं नाव. राहेले, दोन लेकरांची आई. चुलीवर भांडं तसंच.

आवाज पुन्हा माझाच. आणि क्रम वहीतलाच.

वहीत शेवटचं नाव लिदियाचं आहे.

१० जुलै

सरदाराकडे सभा झाली. कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. सरदार म्हणाला, न्ताते, त्या नावांची आम्हाला लाज वाटत नव्हती, ती तुम्हाला वाटली. मग म्हणाला, पुढची पाळी एसायाची, तो माझा भाऊ आहे, उपाय सांगा.

मी सांगितलं, जुनी नावं परत घ्या. सगळे एकमेकांना कुत्रा, राख, माती म्हणू लागले, रडत रडत. मी हजेरीची वही चुलीत घातली. चामड्याचा पुठ्ठा जळायला वेळ लागला. प्रार्थनेला बसलो. मनात फक्त बारा नावं येत राहिली.

११ जुलै

एसायाला वादीनं खांबाला बांधला. चार गडी धरून बसले. मी स्वतः त्याच्या तोंडावर हात दाबला.

हाक आली. त्याचा चेहरा उजळला, रविवारी उजळायचा तसा. उठू पाहिला, उठता येईना. माझ्या हाताखाली ओठ हलले. मग मान पडली. वादी सोडली तोवर गार झाला होता.

धरून ठेवता येत नाही.

१२ जुलै

पोरीला घेऊन निघालो. तिघं. खिंडीत बर्फ तट्टाच्या पोटापर्यंत. तट्टू पडलं, उठलं नाही. पोरीला पाठीवर घेऊन दुपारभर चाललो, धुकं आलं, चाललो, धूर दिसला, घर दिसलं. आमचंच. सारवणावर गावच्या बायकांच्या बोटांची नक्षी.

आता खाली जायला वाट नाही. मोरुतींना निरोप धाडायलाही नाही.

१४ जुलै

चौथं नाव. एलिया. मा-मोसानं त्याचं डोकं मांडीत दाबून धरलं, आणि हाक आली तशी स्वतःच हजर म्हणून ओरडली. गेली. दारातून जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, मोरुती, बघा, खड्डासुद्धा चालतो.

एलिया आहे. जिवंत आहे. गुडघ्यात डोकं घालून बसलाय.

म्हणजे एका नावाला एक हजर लागतो. कुणाचाही.

१५ जुलै, रविवार

घंटा वाजवली नाही.

रात्रंदिवस एकच विचार. बारावं नाव आलं की मी म्हणायचं. मा-मोसाला जमलं ते मला जमेल. हे ठरल्यावर आज पहिल्यांदा घास गेला.

लिदियाला — मोसेलान्चाला — दिवसभर जुन्या नावानं हाका मारल्या. राख फासली. ती ओ देत नाही. शहाण्यासारखी हसून सांगते, आजोबा, माझं नाव लिदिया. आणि खड्यासाठी हात पुढं करते.

१६ जुलै

पाचवं. सहावं. एकाच सकाळी.

दोन्ही वेळा मी धुक्यात शिरलो आणि ओरडलो, तो मी नाही, मी इथं आहे, जाऊ नका! त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग हाकेकडे. तिकडचा आवाज जास्त माझा होता.

घसा बसलाय. ओरडण्यानं असेल.

१७ जुलै

ओरडण्यानं नाही. काल प्रत्येक हाकेबरोबर आतून काहीतरी उपसल्यासारखं होत होतं. आज बोललो तर नुसती हवा.

मा-केनेवेनं मेंढीच्या चरबीचा काढा पाजला. म्हणाली, चाळीस वर्षं देवाकडे हेच मागत होते, तुम्ही गप्प बसावं. मग तोंडावर घोंगडं ओढलं आणि —

१८ जुलै

सातवं, आठवं.

आवाज नाही. एक अक्षर नाही. हजर म्हणायचं कसं?

पाटीवर लिहितो. मा-केनेवेला वाचता येत नाही. पोरगी आजीला वाचून दाखवते, एकेक अक्षर, बोट ठेवून. तिच्यादेखत काय लिहू? पाणी आण. सरपण घाल. एवढंच लिहितो.

१९ जुलै

नववं. धुकं आता निवळतच नाही.

मा-केनेवेला कळलंय. न सांगता. आज पोरीचे केस विंचरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही, आवाज कुठाय? मी म्हणेन. मी मान हलवली. जोरजोरात हलवली. ती म्हणाली, हजेरी तुमची, नाव तुम्ही दिलंत, मला निदान उत्तर तरी देऊ द्या.

तिला सांगायचंय — पोरीला वाढवायला तू हवीस. मला स्वयंपाक येत नाही, वेणी येत नाही, तापात उशाशी बसणं तूच — मी गेलो तर दोघी उरतात. तू गेलीस तर —

सांगू कसं? लिहिलं तर पोरगी वाचेल.

देवा, एक शब्द. परत दे. एकच. मग ने सगळं.

२० जुलै, सकाळी

दहावं. त्याच्या आईचं किंचाळणं अजून

मा-केनेवेनं रविवारचं घोंगडं काढून अंगावर घेतलंय. पोरीला जवळ घेऊन गाणं म्हणतेय. तिची नजर दारावर. माझीही. आम्ही दोघं शर्यतीला उभे असल्यासारखे. माझ्याकडे पायच नाहीत.

घसा ताणतोय. हवा. नुसती हवा. मिठाचं पाणी. हवा.

दुपार

अकरावं गेलं.

शांत आहे. तो थांबलाय. मी हजेरीत शेवटच्या नावाआधी थांबायचो, हसायचो, नात म्हणून. तो तसाच थांबलाय. माझं हसूही घेतलंय —

पोरगी विचारते, आजोबा, आता माझी पाळी ना?

हाक आली

लिदिया. किती मायेनं. मी कधी इतक्या मायेनं नाही

मा-केनेवेनं तोंड उघडलं. मी तिच्यावर पडलो. हात तिच्या तोंडावर. पोरगी उठली, हसली, ओठ — आणि माझ्या आतून, फाटका, घोगरा, रक्ताची चव असलेला — हजर. मी म्हटलं. मी म्हटलं!

पोरगी खाली बसली. झोपेतून उठल्यासारखी इकडंतिकडं बघतेय. आहे. आहे ती.

पाय उठतायत. लिहून घेतो. मा-केनेवे बाही धरून बसलीय, सोडत नाही, ओढली जातेय माझ्याबरोबर दाराकडे. आवाज पुन्हा गेला. तिला सांगता येत नाही. मोठ्या अक्षरात लिहितो, पोरी, आजीला वाचून दाखव, लवकर, बोट ठेवून —

आजी, हात सोड.

आजोबा बरे आहेत. त्यांना थंडी वाजत नाही.

मागं येऊ नका. दार लावा. बर्फ वितळलं की खाली जा.

आणि आज, उद्या, कधीही, बाहेरून आजोबांच्या आवाजात कुणी हाक मारली, तर